दुनाळी कोणाच्या नावे

आमली, सिल्वासा
९ मार्च

ती. नानांना नमस्कार.

आम्ही गावाहून नीट पोहोचलो. पोहोचल्यावर फोन केला होता, पण तुम्हाला ऐकू गेले नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही. इथे भिंतीला भिंत लागून खोल्या आहेत. आपले बोलणे चार घरांत जाते. म्हणून लिहिते आहे. तुम्हालाही लिहायला आवडते असे हे, तुमचे भाऊ, म्हणायचे. धुळ्याला बँकेच्या दारावर गनमॅन असताना तुम्ही त्यांना ड्युटीवरून पत्रे लिहायचात, त्यांतली काही अजून आहेत.

मी कामावर जायला लागले. यार्नच्या कारखान्यात पॅकिंगला मी एकटीच विधवा नाही, त्यामुळे कोणी फार विचारत नाही. ललितची खडोलीच्या कंपनीतली पाळी बदलली आहे. तो दुपारी जातो आणि मी निजल्यावर येतो. जयाचा सासरहून, नाशिकहून फोन असतो. तीच बोलते, मी ऐकते.

ललितच्या बाबांच्या सिक्युरिटी एजन्सीचा माणूस आला होता. युनिफॉर्म, पट्टा आणि शिट्टी परत मागितली. युनिफॉर्म धुऊन इस्त्री करून दिला. शिट्टी सापडली नाही. तो म्हणाला, राहू द्या.

बंदुकीची काळजी करू नका. ती लोखंडी कपाटात तिच्या जागी आहे. ते दर रविवारी दारात पोते टाकून ती साफ करायला बसायचे, तसे मी करते. नळ्यांतून गज फिरवते, तेल देते, लाकूड पुसते. आल्यापासून एकही रविवार चुकवला नाही. काडतुसे वेगळ्या डब्यात ठेवली आहेत, ललितलाही हात लावू दिला नाही.

कुसुमताईंना नमस्कार सांगा. त्यांनी दिलेले कळण्याच्या भाकरीचे पीठ पुरवून पुरवून वापरते आहे.

दुर्गा

धामणदर, ता. साक्री
१७ मार्च

चि. दुर्गास आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मला घाम फुटला. कुसुमने विचारले काय झाले. मी सांगितले, दुर्गा दारात बसून बंदूक पुसते. ती म्हणाली, मग त्यात काय, बारकूभाऊबी पुसेत. तिलाही कळले नाही आणि तुलाही कळले नसणार, म्हणून समजावून सांगतो.

परवाना बंदुकीला नसतो, माणसाला असतो. बारकूच्या हातात होती तोवर ती कायद्यातली होती. तो गेला त्या दिवसापासून तुझ्या कपाटात बिनपरवान्याचे हत्यार आहे. तू किती स्वच्छ ठेवतेस हे कोणी विचारणार नाही. आणि आता कायदाही पूर्वीचा राहिला नाही. पाच-सहा वर्षांमागे बदलला, शिक्षा वाढल्या. आमच्या काळात जमादार दोन शिव्या देऊन बंदूक ठेवून घ्यायचा. आता तसे धरून चालू नकोस.

तेव्हा हे पत्र वाचून झाले की ठाण्यात जा. बंदूक घेऊन रस्त्याने निघू नकोस. आधी जाऊन सांग की नवरा वारला, परवाना त्याच्या नावे होता, हत्यार घरी आहे. ते म्हणतील तसे जमा कर आणि पावती घे. बारकूचा जोडीदार नवनाथ आहेच तिथे, त्याला बरोबर ने. तो गनमॅन आहे, त्याला सगळे ठाऊक.

पुढचे मी ठरवले आहे. ललितच्या नावे अर्ज करायचा. वारसाला परवाना मागता येतो. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारे ठेवता येत होती. तसे असते तर मी बारकूची दुनाळी डोळे झाकून माझ्या नावे केली असती. माझ्याकडे बाबांची ठासणीची आहे, शेतात डुकरे येतात म्हणून, आणि माझी नोकरीतली एकनाळी. पण आता दोनच. वारशाने आली तरी दोनच. म्हणजे माझा हात बांधला. ललितने घेतली नाही तर ती एखाद्या परवानेवाल्याला द्यायची, नाहीतर सरकारात जायची. सरकारात गेलेले हत्यार पुढे तोडतात असे ऐकून आहे. बारकूची दुनाळी तुटलेली मला चालणार नाही. तुला चालेल का?

नीट जेवत जा. जया म्हणते तू वाळलीस.

तुझा, नाना

आमली, सिल्वासा
२ एप्रिल

ती. नानांना नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. पाकिटावर तुम्ही सवयीने सौ. दुर्गा लिहिले होते. पोस्टमनने मोठ्याने वाचले आणि मग त्यालाच कसेतरी झाले, कारण त्याला माहीत आहे. मला वाईट वाटले नाही. हे तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगते आहे.

तुम्ही लिहिले ते समजले. ठाण्यात जायचे आहे. मार्चअखेर असल्यामुळे कारखान्यात माल फार निघत होता, सुट्टी मागता आली नाही. आता या आठवड्यात बघते. नवनाथभाऊंना रात्रपाळी आहे.

इथे उन्हाळा सुरू झाला. सामरवरणीकडे रस्ता खणला आहे, त्यामुळे कारखान्याची बस फिरून जाते. शेजारच्या गुड्डीच्या आईने पापड लाटायला बोलावले होते, गेले होते. बायका गुजरातीत बोलतात, मला आता सगळे कळते. गुड्डीची आई म्हणाली, दुर्गाबेन, तमे तो कांई बोलता ज नथी. मी म्हटले, बोलत नसले तरी लाटते आहे ना.

ललितशी बोलायचे आहे. तो उशिरा येतो आणि उशिरा उठतो. त्याला सवड झाली की बोलेन.

कुसुमताईंचे गुडघे कसे आहेत?

दुर्गा

धामणदर
१४ एप्रिल

चि. दुर्गास आशीर्वाद.

सौ. बद्दल काय लिहू. हात चालून गेला. इतकी वर्षे तसेच लिहीत आलो. पुढे लक्ष ठेवीन.

तुझ्या पत्रात रस्ता आहे, पापड आहेत, कुसुमचे गुडघे आहेत. बंदूक जमा केली असे कुठे सापडले नाही. मी पत्र दोनदा वाचले. मग कुसुमला वाचायला दिले. ती म्हणाली, "बंदूक काय लोणचं शे का, बरणीत मुरत ठेवाले?" तिच्या गुडघ्यांना काही झालेले नाही, जीभ तर ठणठणीत आहे.

दुर्गा, मी रागावत नाही. पण मला झोप लागत नाही. माझा भाऊ बावीस वर्षे ती दुनाळी खांद्याला लावून उभा राहिला. पगाराच्या गाडीबरोबर गेला, कंपनीच्या दारावर राहिला, आणि ड्युटीवर एकदाही त्याला ती चालवावी लागली नाही. लोकांना वाटते त्यात काय मोठेपणा. गनमॅनची बंदूक चालली नाही, हीच त्याची नोकरी. तो गेल्यावर त्याच बंदुकीपायी त्याच्या बायकोला ठाण्यात बसवून ठेवले, तर मी गावात कोणाला तोंड दाखवू?

मला वाटते ललित टाळतो आहे. आजच्या पोरांना अर्ज, डॉक्टरचा दाखला, प्रशिक्षण, चौकशी हे सगळे नको असते. त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी आत घातली आहे. जरा कडक लिहिली आहे. त्याला दे. बारकू शांत होता, तू शांत आहेस, पण चुलता शांत नाही हे त्याला कळू दे.

परवाना आता तीनऐवजी पाच वर्षांचा मिळतो. एकदा धावपळ केली की पाच वर्षे बघायला नको. एवढे तरी त्याला सांग.

तुझा, नाना

आमली, सिल्वासा
११ मे

ती. नानांना नमस्कार.

बंदूक ठाण्यात जमा केली. पावती मिळाली. आधी हे लिहिले, म्हणजे तुम्ही बाकीचे शांतपणे वाचाल.

ललितचा दोष नाही. टाळत मी होते. तुमची चिठ्ठीही मी त्याला बरेच दिवस दिली नाही. मला वाटायचे, हा रविवार होऊ दे, मग जाऊ. मग तो रविवार झाला की पुढचा.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी दारात बसले होते. नळ्या मांडीवर होत्या. नवनाथभाऊ खानवेलहून आंबे घेऊन आले. त्यांनी पिशवी तिथेच खाली ठेवली.

"वहिनी, हे काय?"

"रविवार आहे," मी म्हटले.

"रविवार आहे ते मला पण माहीत आहे. ही अजून घरात कशी? तुम्ही गावाहून आलात तेव्हाच मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात नाना बघतायत."

"नाना बघतायतच."

"तिकडे साक्रीत बसून बघतायत?" ते आत येऊन बसले आणि हळू बोलायला लागले. "वहिनी, तुम्ही आत गेलात तर डबा मलाच आणावा लागेल. आणि माझ्या बायकोच्या हातचं तुम्ही खाल्लंय. विचार करा."

मला हसू आले. मग मी म्हटले, उद्या जाऊ.

दुसऱ्या दिवशी गेलो. जमादार वलसाडकडचे आहेत, अर्धे गुजराती, अर्धे हिंदी आणि आमच्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करतात. सगळे ऐकून त्यांनी डोळे मोठे केले. "बेन, इतने दिन घर में? कोणी सांगितला नाय?" मी म्हटले, सांगितले होते, मीच आले नाही. नवनाथभाऊंनी माझ्याकडे असे पाहिले की आता डबा नक्की. पण मला खोटे सुचले नाही.

त्यांनी हवालदार बरोबर दिला, तो घरी येऊन बंदूक घेऊन गेला. ठाण्यात जमादारांनी ती उघडून नळ्या खिडकीकडे धरल्या आणि बराच वेळ बघत राहिले. "आ कोणे साफ करी?" मी म्हटले, मी. ते आतल्या माणसाला हाक मारून म्हणाले, "ओ काळूभाई, आपली सगळी यांच्याकडे पाठवा." मग माझा जबाब लिहून घेतला. उशीर का झाला तिथे त्यांनी "पतिनिधनामुळे" असे लिहिले. ते खरेच आहे. पुन्हा असे करू नका म्हणाले. मी म्हटले, पुन्हा कसे होईल?

आता ललितचे. तुमची चिठ्ठी त्याने वाचली. रागावला नाही. जेवण झाल्यावर म्हणाला, "आई, बाबा इतकी वर्षं दारावर उभे राहिले. आत जाणारा एकही साहेब त्यांना नावाने हाक मारत नव्हता. ओ गनमॅन, एवढंच. मी त्यांना डबा द्यायला जायचो तेव्हा ऐकायचो. बंदूक घरात राहिली तर माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या नावावर नको." एवढे बोलून तो पाळीला गेला. मला त्याच्यावर जोर करवत नाही.

म्हणून मी जमादारांना एक गोष्ट विचारून ठेवली होती. बायकोच्या नावे परवाना होतो का. त्यांनी सांगितले की वारस म्हणजे मुलगाच असे कुठे नाही. बायकोही अर्ज करू शकते. मुलांनी ना-हरकत द्यायची, डॉक्टरचा दाखला, प्रशिक्षणाचा दाखला, घरी सुरक्षित ठेवायची सोय, चौकशी. द्यायचा की नाही ते कलेक्टर कचेरी ठरवते.

तुम्हाला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही.

दुर्गा

धामणदर
२० मे

चि. दुर्गास आशीर्वाद.

जमा केलीस हे फार चांगले केलेस. नवनाथला माझा नमस्कार सांग.

तुझ्या नावे करायची गोष्ट सोडून दे. बाईमाणसाने बंदुकीचा परवाना घेतला तर लोक काय म्हणतील? आपल्या घरातल्या कोणा बाईने अजून घेतलेला नाही. तू चार पावलांवर दुकानात जाताना ललितला बरोबर घेतेस, तू गोळीबाराच्या रेंजवर जाऊन बार काढणार?

मी उपाय काढला आहे. माझी एकनाळी मी देऊन टाकतो. धुळ्याचा एक विक्रेता ओळखीचा आहे, तो ठेवून घेईल. म्हणजे माझ्याकडे बाबांची एकच उरते आणि बारकूची दुनाळी माझ्या नावे मागता येते. तुम्ही सगळ्यांनी ना-हरकत द्या. बंदूक इकडे येईल. तुला वाटेल तेव्हा ये आणि बघ.

मी आता निवृत्त आहे. एकनाळी नुसती टांगलेली असते. तिचे मला काही नाही.

तुझा, नाना

आमली, सिल्वासा
१ जून

ती. नानांना नमस्कार.

तुमचे पत्र वाचले आणि घडी करून ठेवून दिले. पुन्हा उघडायला मला थोडे दिवस लागले.

एकनाळीचे तुम्हाला काही नाही, असे तुम्ही लिहिले आहे. नाना, माझ्या लग्नात तुम्ही ती मांडवात आणली होती, बार काढायला. माझ्या वडिलांनी हात जोडले तेव्हा तुम्ही ती परत गवसणीत घातली, पण जेवतानासुद्धा मांडीवरून खाली ठेवली नाही. मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिले ते तिच्यासकट. ती देऊ नका. तुम्ही दिलीत तर मला दुनाळीकडे बघवणार नाही.

लोकांचे तुम्ही लिहिले. आमलीत लोक काही म्हणत नाहीत, सगळे पाळीवर असतात. गावात म्हणतील. पण गावात मी वर्षातून एकदा येते.

मला ती का हवी हे मला नीट लिहिता येणार नाही. प्रयत्न करते. ते घरी फार बोलत नसत. मीही बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. रविवारी साफसफाई झाली की ते नळ्या उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, "बघ गं, डाग राहिलाय का?" मी आधी एका नळीतून बघायची, मग दुसरीतून. मग ते बघायचे. डाग कधीच नसायचा. तरी दर वेळी विचारायचे. बाकी संसार मी माझ्या बाजूने केला आणि त्यांनी त्यांच्या बाजूने. दोघांनी मिळून बघायची अशी गोष्ट ही एकच होती.

बंदूक तुमच्याकडे आली तर ती चांगलीच राहील. माझ्यापेक्षा चांगली राहील. पण मग ती तुमची असेल आणि मी पाहुणी येऊन बघेन.

मला ती हवी आहे, नाना. असे मी आजवर कशाबद्दल म्हटलेले मला आठवत नाही.

तुम्ही नको म्हणालात तर अर्ज करणार नाही. नवनाथभाऊ एजन्सीच्या बंदुकीवर काम करतात, त्यांच्या स्वतःच्या नावे एकही नाही. त्यांना देऊ. ते नीट ठेवतील.

दुर्गा

धामणदर
२२ जुलै

चि. दुर्गास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तू वाट पाहिली असशील. पेरणी होती, मग पावसाने फटका दिला, हे सगळे खरे आहे, पण कारण ते नाही.

तुझे पत्र आले त्या दिवशी मी ते खिशात घालून शेतावर गेलो आणि कुसुमला दाखवले नाही. महिन्याने एकदा ते सदऱ्यात राहिले आणि तिने धुताना काढून वाचले. आली ती सरळ बांधावर. गुडघे दुखतात म्हणणारी बाई चिखलातून आली.

"तिन्ही काय मांगं तुमना कडे?" म्हणे.

मी म्हटले, बंदूक मागते आहे.

"तुमनी मांगं का? तिन्हा नवरानी मांगं. आनि तुम्ही महिनाभर खिसामा ठी फिरी ऱ्हायनात."

मी म्हटले, बाईला बंदूक झेपते का? चालवणे म्हणजे भाकरी थापणे नाही.

"तुमले झेपस? घरमा दोन दोन टांगेल शेतंस. डुकरं मक्का खाई गयात. एखादं डुक्कर तरी आज लगून घाबरनं का?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पण भाकरी लांबून सरकवायची. घरात दोनच माणसे असताना हे फार जड जाते. तुला म्हणून सांगतो.

पण मी ऐकले ते तिच्या न बोलण्यामुळे नाही. एके दिवशी एकनाळी गवसणीतून काढली, धुळ्याला न्यायची म्हणून पुसायला बसलो. पुसून झाल्यावर उजेडाकडे धरली आणि बघितले. डाग होता. विचारायला शेजारी कोणी नव्हते. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या बंदुकीतून दुसऱ्या कोणी कधी बघितले नाही, हे मला तेव्हा लक्षात आले. बारकूने हे मला कधी सांगितले नव्हते. तू सांगितलेस.

तेव्हा अर्ज कर. माझी ना-हरकत साक्रीला जाऊन करून आणली, ती सोबत पाठवतो. वकील म्हणाला, बायको आणि मुले असताना भावाची लागत नाही. मी म्हटले, लागो न लागो, कर. तू ती कचेरीत दे. नको म्हणाले तर घरी ठेव.

आता कामाचे. प्रशिक्षणात बार काढायला लावतील. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट दाबून धर. सैल धरलीस तर धक्का जास्त बसतो. गाल लाकडाला टेकव. डावा पाय पुढे, अंग थोडे पुढे झुकलेले. घोड्याला झटका द्यायचा नाही, हळूच दाबायचा. आणि श्वास रोखून बसू नकोस. बारकू पहिल्यांदा चालवायला गेला तेव्हा मागे उभ्या असलेल्या माझ्या अंगावर पडला होता. दोघेही चिखलात. त्याने कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. आता सांगायला हरकत नाही.

कुसुम बोलायला लागली आहे. पहिले वाक्य, "तिले चिठ्ठी टाकी का?"

तुझा, नाना

आमली, सिल्वासा
१४ डिसेंबर

ती. नाना आणि कुसुमताईंना नमस्कार.

परवाना झाला. काल बंदूक घरी आली. मधे मी तुम्हाला दोन ओळींची कार्डे टाकत राहिले, चौकशी झाली, कागद वर गेले, इतकेच, कारण हातात येईपर्यंत काही लिहावेसे वाटत नव्हते.

कलेक्टर कचेरीतल्या साहेबांनी विचारले होते, बाई, तुम्हाला ती कशासाठी हवी? नोकरी करणार आहात का? मी म्हटले, नाही, मी पॅकिंगला आहे. धोका आहे का कोणाचा? म्हटले, नाही. मग? मी म्हटले, ती माझ्या घरातली आहे. त्यांनी पुढची पाने उलटली. तुमची ना-हरकत बघून म्हणाले, ही कोणी सांगितली होती? मी म्हटले, कोणी नाही, मोठ्या दिरांनी पाठवली. त्यांनी ती काढली नाही, फाइलमध्येच राहू दिली.

पोलीस आमच्या चाळीत चौकशीला आले तेव्हा गुड्डीच्या आईने त्यांना सांगितले की या बाईचा आवाजसुद्धा आम्ही कधी ऐकला नाही, बंदुकीचा काय ऐकणार. ते लिहून घेतले की नाही माहीत नाही.

जमादारांनी बंदूक देताना स्वतः उघडून दाखवली. म्हणाले, "बेन, तुमच्यासारखी नाय राहिली, पण सांभाळली." ललित बरोबर आला होता. येताना रिक्षात त्याने ती मांडीवर घेतली होती. त्याला मी म्हटले नव्हते. परवानेवाली मी बाजूला असताना घरच्या दुसऱ्याने धरलेली चालते का, हे नवनाथभाऊंनी आधीच विचारून ठेवले होते. घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, कपाटाला आणखी एक कुलूप लावतो." ते लावले.

प्रशिक्षणाचे तुम्हाला लिहायचे राहिले. सप्टेंबरात झाले. राहिले असे नाही, लिहिले नाही.

रेंज गुजरातेत होती, बसने जावे लागले. आम्ही सातजण होतो, बाई मी एकटी. बाकीचे बहुतेक गनमॅन होणारी पोरे. आधी दोन दिवस नुसते बोलणे आणि उघडणे-जोडणे होते. ते मला येत होते. तिसऱ्या दिवशी बार. शिकवणारे फौजेतले निवृत्त सुभेदार होते. बंदूक त्यांची होती, पण दुनाळीच. त्यांनी दोन्ही नळ्या भरून माझ्या हातात दिली.

तुम्ही सांगितले तसे केले. खोबणीत दाबली, गाल टेकवला, पाय पुढे. हळू दाबला. आवाजाची मला भीती होती, पण आवाज कळलाच नाही. धक्का कळला. असा धक्का बसला, जसे कोणीतरी आपले म्हणून खांद्याला जोरात ढकलते आणि म्हणते, ऊठ. मी पडले नाही. बंदूक नीट खाली, जमिनीकडे केली. आणि मग मला रडू आले. तिकडे गावात, सगळ्यांसमोर, तेराव्यालासुद्धा आले नव्हते. तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात आणि मला कळत होते की मी रडले तर तुम्हाला बरे वाटेल. पण येत नव्हते. तिथे, त्या अनोळखी माणसांत, थांबवता येईना.

सुभेदारांनी बंदूक माझ्या हातातून घ्यायला हात पुढे केला. "कंधे में लगा, बहनजी? पहली बार सबको लगता है. बस करते हैं."

मी म्हटले, हो, खांद्याला लागला.

मग मी पदराने तोंड पुसले आणि त्यांना सांगितले की बस नको, दुसरी नळी भरलेली आहे.

दुर्गा